नकाशा वाचता यावा म्हणून

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आज सकाळी नोंदणीच्या टेबलापाशी उभी असताना मी एक गंमत पाहत होते. छायाचित्रांचे प्रदर्शन वरच्या मजल्यावर असल्यामुळे येणारा प्रत्येक जण नव्या इमारतीचा जिना चढत होता. गेल्या वीस वर्षांत शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आठव्या पायरीवर आले की गप्पा न थांबवता, वर न पाहता, मान खाली घालून पुढे जात. त्याआधीच्या तुकड्यांतले विद्यार्थी, ज्यांच्या वेळी ही इमारतच नव्हती, ते मात्र कपाळ चोळत वर पोहोचत. ‘डोके सांभाळा’ हे चित्रकलेच्या सरांनी लाल रंगात लिहिलेले शब्द आता पुसट झाले आहेत. ते पुन्हा रंगवले नाहीत याबद्दल आज कपाळ आपटलेल्या सर्वांची मी प्रथम क्षमा मागते.

संस्थापकांचा त्याग, निकालांची परंपरा, शाळेने घडवलेली माणसे यांविषयी अध्यक्ष महोदय आताच सविस्तर बोलले आहेत. मी आज बोलणार आहे ते त्या जिन्यावरच्या तुळईविषयी. एका शाळेच्या साठ वर्षांच्या आयुष्यात एक तुळई ती काय, असे आपल्याला वाटेल. परंतु माझ्या तीस वर्षांच्या नोकरीतला सर्वांत मोठा धडा मला त्या तुळईने शिकवला आहे, आणि आज आपल्यापुढे एक मागणी ठेवायची आहे तीही तिच्यातूनच निघाली आहे.

शाळेच्या चाळिसाव्या वर्षी आपण ही इमारत बांधली. पैसा लोकवर्गणीचा होता. मी तेव्हा मराठीची साधी शिक्षिका होते आणि बांधकाम समितीत शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून बसत असे. इमारतीचे नकाशे दोन प्रकारचे असतात, एवढेच मला तेव्हा कळले होते. एक वास्तुरचनेचा: खोल्या कुठे, दारे-खिडक्या कुठे, जिना कुठून कुठे. दुसरा संरचनेचा: खांब किती, तुळया कुठून जातात, त्यांत सळया किती जाडीच्या आणि रिंगा किती अंतरावर. पहिला नकाशा इमारतीत माणूस कसा वावरेल ते सांगतो; दुसरा ती इमारत उभी कशी राहील ते सांगतो. दोन्ही नकाशे वेगवेगळ्या टेबलांवर तयार होतात आणि बांधकामाच्या जागी एकत्र येतात.

काम सुरू होण्याच्या सुमारास समितीने, खरे सांगायचे तर मीच, आग्रह धरला की ग्रंथालयाची खोली जरा मोठी हवी. त्यासाठी जिना दीड मीटर पुढे सरकवावा लागला. वास्तुरचनेच्या नकाशात तो बदल झाला. संरचनेच्या नकाशात तो झाला नाही. ती तुळई जुन्या जिन्यासाठी जिथे होती तिथेच राहिली.

हिशेब अगदी सोपा आहे. मजल्याची उंची ३.३ मीटर. तुळईची खोली ४५० मिलिमीटर. म्हणजे तुळईचा तळ जमिनीपासून २.८५ मीटर उंचीवर. पायरीची उंची १५० मिलिमीटर. जुन्या नकाशात ती तुळई तिसऱ्या पायरीच्या वर येत होती. तीन पायऱ्यांचे ४५० मिलिमीटर वजा करा, डोक्यावर २.४० मीटर मोकळी जागा राहते. जिना पाच पायऱ्या पुढे सरकल्यावर तीच तुळई आठव्या पायरीच्या वर आली. आठ पायऱ्यांचे १.२० मीटर वजा केले की उरतात १.६५ मीटर, म्हणजे जेमतेम साडेपाच फूट. पाचवीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल अशी ही वजाबाकी आहे. ती आमच्यापैकी कोणीही केली नाही.

कोणीही नाही, असे मात्र मला म्हणता येणार नाही. एका माणसाने ती केली होती.

सेंट्रिंग लागले होते, सळया बांधून झाल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅब भरायचा होता. त्या संध्याकाळी कामावरचे एक गवंडी हातात टेप घेऊन शिक्षक-खोलीच्या दाराशी आले. जिन्याच्या पायऱ्या त्यांनी बाजूच्या भिंतीवर खडूने आखून पाहिल्या होत्या. ते म्हणाले, “बाई, ह्या तुळईखालनं मोठा माणूस जायचा न्हाई. आठव्या पायरीला डोकं लागंल. सायबांना एक डाव इचारा.”

नकाशा माझ्या टेबलावरच होता. मी तो त्यांच्यासमोर उलगडला, जिन्यावर बोटही ठेवले, आणि म्हणाले, “नकाशा मंजूर झालेला आहे. साहेबांनी विचार करूनच काढला असेल. उद्याचा स्लॅब आता थांबवता येणार नाही.” ते क्षणभर नकाशाकडे पाहत राहिले आणि “बरं बाई” म्हणून निघून गेले.

मला तो नकाशा वाचता येत नव्हता, ही वस्तुस्थिती आहे. एम.ए.ला मी काव्यशास्त्र शिकले. ओळीत दडलेला अर्थ उलगडून सांगणे हा माझा व्यवसाय. पण त्या कागदावरच्या रेघांपैकी तुळई कोणती आणि पायरी कोणती हे मला कळत नव्हते, आणि ते कबूल करण्याचे धैर्य माझ्याजवळ नव्हते. ज्याला कळत होते त्याच्या हातात पदवी नव्हती, म्हणून मी त्याचे ऐकले नाही. दोष कोणाकोणाचा याची चर्चा पुढे पुष्कळ झाली. ती मला आज उकरायची नाही. माझ्या वाट्याचा दोष तेवढा आपल्यापुढे ठेवला आहे.

त्या गवंड्यांची मुलगी तेव्हा माझ्या वर्गात, आठवीत होती. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा ती चांगल्या श्रेणीत उत्तीर्ण झाली. दहावीनंतर तिने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ‘आरेखक स्थापत्य’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला. त्या विषयाला मुली फारशा जात नसत, त्यामुळे घरी थोडी कुरबुर झाली. वडील मात्र ठाम राहिले. पुढे तिचे लग्न झाले, यजमान हवाई दलात, आणि बदली होत होत ती चंदीगडला पोहोचली. आज ती तिथे एका संरचना अभियंत्यांच्या कार्यालयात संगणकावर नकाशे काढण्याचे काम करते. तीन वर्षांपूर्वी मी सिमल्याला निघाले होते. तिला ते कळले आणि तिने फोनवर आज्ञाच केली, “बाई, चंदीगडवरून जाताय आणि माझ्याकडे उतरणार नाही?” मी चार दिवस उतरले.

चंदीगड हे शहर आधी कागदावर जन्मले आणि मग जमिनीवर. फाळणीत लाहोर गेले, पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून ते नव्याने वसवायचे ठरले. अमेरिकी नियोजनकार अल्बर्ट मेयर यांनी पहिला आराखडा केला. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात मृत्युमुखी पडले. त्यानंतर १९५१ मध्ये ल कॉर्ब्युझिए, त्यांचे चुलतबंधू पिएर जानरे आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य, असे चौघे आले. सेक्टर १९ मध्ये जिथे हे सारे बसून काम करीत, ते वास्तुविशारदांचे जुने कार्यालय आज संग्रहालय म्हणून जतन केले आहे. माझ्या विद्यार्थिनीने मला सर्वांत आधी तिथेच नेले.

त्या शहराच्या मोठ्या इमारतींचे कितीतरी नकाशे पॅरिसमध्ये तयार होत आणि हजारो मैल दूर बांधकामावर पोहोचत. पॅरिसच्या त्या कार्यालयात एक तरुण होता, बाळकृष्ण दोशी. जन्म पुण्याचा, १९२७ सालचा. घरचा व्यवसाय लाकडी सामानाचा. शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात. पॅरिसमध्ये सुरुवातीचे काही महिने त्यांनी बिनपगारी काम केले. त्याच दोशींना २०१८ मध्ये वास्तुकलेतील सर्वोच्च मानले जाणारे प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले, आणि तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांची सुरुवातही दुसऱ्याच्या इमारतीच्या रेघा मन लावून काढण्यापासूनच झाली, हे मला माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावेसे वाटते.

त्या शहरात एका बाईंनी केलेले कामही तिने मला मुद्दाम दाखवले. ऊर्मिला युली चौधरी या आपल्या देशातील अगदी पहिल्या स्त्री-वास्तुविशारदांपैकी एक. सिडनीला शिकून त्या १९५१ मध्ये चंदीगडच्या कामात आल्या आणि पुढे पंजाबच्या मुख्य वास्तुविशारद झाल्या. मुलींच्या तंत्रनिकेतनाची तिथली इमारत त्यांची आहे. त्या इमारतीसमोर उभी राहून माझी विद्यार्थिनी म्हणाली, “बाई, माझ्या वेळी कोणी या बाईंचं नाव सांगितलं असतं, तर आईला समजावणं सोपं गेलं असतं.” हा आक्षेप माझ्यावर होता आणि तो योग्य होता.

परंतु मला सर्वांत अधिक विचारात पाडले ते एका मापाने. ल कॉर्ब्युझिए यांनी मोजमापांची एक पद्धत रचली होती. तिला ते ‘मोड्युलर’ म्हणत. तिच्या मुळाशी आहे एक उभा माणूस: उंची १.८३ मीटर, म्हणजे सहा फूट, आणि हात वर केला की २.२६ मीटर. घराची, दाराची, ओट्याची मापे या माणसापासून काढायची, अशी ती कल्पना. मी तिथल्या भिंतीवर ते चित्र पाहत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे आपला जिना होता. १.६५ मीटर! तो हात वर केलेला माणूस आपल्या जिन्यात उभादेखील राहू शकला नसता.

त्या संध्याकाळी मी तिला वीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट सांगितली. ती शांतपणे म्हणाली, “मला माहीत आहे, बाई. त्या रात्री बाबांनी घरी येऊन जमिनीवर खडूनं तो जिना काढला आणि आईला दाखवला. पायऱ्या, तुळई आणि मध्ये एक माणूस. मी बाजूला बसून पाहत होते. मी आयुष्यात पाहिलेला तो पहिला छेद.”

छेद म्हणजे काय, हे मला तिने मग समजावले. मजल्याचा नकाशा म्हणजे जमिनीपासून साधारण कमरेच्या वर इमारत आडवी कापून वरून खाली पाहणे. त्यात लांबी-रुंदी कळते, उंची कळत नाही. इमारत उभी कापून बाजूने पाहणे म्हणजे छेद. जिन्यावर डोके आपटेल की नाही हे मजल्याच्या नकाशात कधीच दिसत नाही; ते छेदातच दिसते. आपल्या इमारतीच्या दोन्ही नकाशांत मजले व्यवस्थित होते. जिन्यातून छेद मात्र कोणी घेतला नव्हता. तो शिक्षण न झालेल्या एका माणसाने खडूने घेतला.

आणखी एक गोष्ट आपण लक्षात घ्यावी. आपल्या इमारतीचे ते दोन्ही नकाशे संगणकावरच काढलेले होते. हाताने काढलेल्या रेघेत काढणाऱ्याची शंका दिसते. कुठे पेन्सिल पुसट, कुठे खोडल्याची खूण. संगणकाची रेघ बरोबर असो वा चूक, सारखीच ठसठशीत येते. म्हणूनच ती वाचणाऱ्याने अधिक सावध असावे लागते.

मग मी तिला म्हणाले, “मला शिकव.” तेव्हा माझे वय त्रेपन्न होते. तिने लॅपटॉप उघडला. चंदीगडच्या त्या चार संध्याकाळी आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर दर रविवारी दूरध्वनीच्या पडद्यावरून तिने मला शिकवले. वर्गातली जागा बदलली होती; माझ्या वह्यांवर शेरे ती मारीत असे, आणि ते माझ्यापेक्षा कडक असत.

या शिक्षणात काय असते ते पालकांसाठी थोडक्यात सांगते. पहिला धडा असा की संगणकावर इमारत खऱ्या मापात काढायची असते. पाच मीटरची भिंत पाच मीटरचीच काढायची. ती लहान होते ती कागदावर छापताना, शंभरास एक किंवा पन्नासास एक या प्रमाणात. आपण कागदावर आधी लहान करून काढायला शिकलो, त्यामुळे मला हे उमगायला आठवडा गेला. दुसरा धडा निर्देशकांचा. दहावीच्या भूमितीत जो ‘क्ष’ आणि ‘य’ शिकवतो, ज्याचा पुढे काय उपयोग असे मुले दरवर्षी विचारतात, त्याच्यावर हे सारे काम उभे आहे. तिसरा धडा थरांचा. भिंती एका थरावर, दारे दुसऱ्यावर, खांब तिसऱ्यावर, पाण्याचे नळ चौथ्यावर. जणू एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. हवा तो थर दाखवायचा, नको तो झाकायचा. वास्तुरचनेच्या नकाशावर संरचनेचा थर ठेवून पाहिला असता, तर आपली तुळई कुठे आली आहे ते लगेच दिसले असते.

चौथा धडा मला सर्वांत कठीण गेला. दोन रेघा पडद्यावर जुळलेल्या दिसतात, पण जुळलेल्या नसतात. मोठे करून पाहिले की मध्ये केसाएवढी फट असते, आणि मग खोलीचे क्षेत्रफळ काढायला गेले की यंत्र नकार देते. ‘दिसते’ आणि ‘आहे’ यांतला फरक हे यंत्र फार काटेकोरपणे शिकवते. पाचवा धडा सुधारणांच्या नोंदीचा. नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तीत कोणता बदल, कोणत्या तारखेला, कोणी केला हे लिहायचे असते. कॉर्ब्युझिए यांच्या पॅरिसच्या कार्यालयात तर प्रत्येक नकाशाला क्रमांक देऊन त्याची वहीत नोंद होत असे. आपल्या दोन नकाशांच्या त्या चौकटी कोणी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या असत्या, तरी एकाची तारीख जुनी आहे हे कळले असते.

संरचनेच्या नकाशातील बारीक अक्षरांकडे ती मला पुनःपुन्हा बोट दाखवी. चंदीगड हिमालयाच्या पायथ्याशी, भूकंपाच्या छायेत वसलेले आहे. खांबातल्या रिंगेचे टोक नुसते काटकोनात न वळवता १३५ अंशांत आत वळवावे, असे नकाशात लिहिलेले असते. भूकंपात रिंग उघडू नये आणि खांब फुटू नये म्हणून. एका ओळीची ती सूचना. आपल्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जड दगडमातीच्या भिंती आणि मातीची धाबी झोपलेल्या माणसांवर कोसळली. घर कसे बांधावे हा शेवटी जिवाचाच प्रश्न असतो.

आता पालकांच्या मनातील शंकेकडे वळते. मराठी माध्यमाच्या मुलाला हे जमेल का, हा प्रश्न मला प्रत्येक पालकसभेत विचारला जातो. ऑटोकॅडसारख्या प्रणालीतल्या आज्ञा इंग्रजीत असतात हे खरे आहे. रोज लागणाऱ्या आज्ञा मी मोजल्या. त्या तीस-चाळीस भरतात. रेघ काढा, समांतर काढा, छाटा, आरशासारखे उलटवा, ओळीने मांडा. हे शब्द महिन्याभरात हातात बसतात. माझी विद्यार्थिनी म्हणते त्याप्रमाणे, “तिथे शब्द थोडे आणि माप जास्त.” कठीण असते ती वस्तू डोळ्यांपुढे उभी करणे, आणि ते माणूस आपल्या भाषेत करतो. जोते, ओटा, कोनाडा, छज्जा, ओसरी हे शब्द ज्याच्या घरात आहेत त्याला त्या जागा माहीत असतात.

आपल्या भाषेतला एक शब्द पाहा. कंपासपेटीतल्या त्रिकोणी पट्टीला आपण गुण्या म्हणतो. गवंडी भिंतीचा काटकोन तपासतो त्या साधनालाही गुण्याच म्हणतो. भाषेने या दोघांना एकाच नावाने बांधून ठेवले आहे; वेगळे केले ते आपण. एकाला आपण शाळेत घेतले आणि दुसऱ्याला शाळेच्या भिंतीपाशी काम करायला लावले.

म्हणून मागच्या वर्षी आम्ही एक छोटा प्रयोग केला. शाळेतल्या जुन्या सात संगणकांवर लिब्रेकॅड ही विनामूल्य मिळणारी प्रणाली बसवली आणि नववीच्या चौदा विद्यार्थ्यांना शनिवारी दुपारी शिकवण्यास आरंभ केला. शिकवत होते मी आणि चित्रकलेचे सर. चंदीगडहून पडद्यावर आमची गुरू. पहिला महिना संगणक सुरूच केला नाही. टेप, ओळंबा आणि पाणसळ घेऊन वर्ग मोजला, कागदावर पेन्सिलीने काढला, आणि मगच यंत्रापाशी गेलो. वर्षअखेरचा प्रकल्प मुलांनीच निवडला. त्यांनी तो जिना मोजला, त्याचा छेद काढला, तुळईखालचे माप लिहिले: १.६५ मीटर. छेदात आठव्या पायरीवर त्यांनी एक माणूस उभा केला. त्याचे डोके तुळईत गेले होते. त्या चित्राची छापील प्रत वरच्या प्रदर्शनात शेवटच्या फळ्यावर लावली आहे. कपाळ चोळत का होईना, आपण ती पाहावी.

त्या प्रकल्पातून एक उपायही पुढे आला. मुलांना प्रथम वाटले की तुळई तासून पातळ करावी. आपल्याच शाळेचे माजी विद्यार्थी असलेल्या एका संरचना अभियंत्यांनी येऊन त्यांना समजावले की तुळईच्या तळाच्या सळयाच मुख्य ताण घेतात. तिला हात लावता येणार नाही. हलवायचा तर जिना हलवावा लागेल. जिना मागे घेतला की ग्रंथालयाची भिंतही दीड मीटर मागे येईल. म्हणजे माझ्या आग्रहाने मिळालेली जागा परत द्यावी लागेल. ती मी आनंदाने देते. रीतसर तपासणी होऊन, अभियंत्यांच्या स्वाक्षरीचा नकाशा घेऊन, येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हे काम करण्यास संस्थेने मान्यता दिली आहे.

आता माझी मागणी. हीरक महोत्सवाच्या निधीतून प्रवेशद्वारावर भव्य कमान उभारावी, असा प्रस्ताव आपल्यापैकी अनेकांनी प्रेमाने मांडला आहे. त्या प्रेमाचा मी अनादर करीत नाही. परंतु माझी विनंती आहे की कमान साधी असावी आणि उरलेल्या निधीतून आरेखनाचे एक दालन व्हावे. वीस संगणक, दहा लाकडी ड्रॉइंग बोर्ड, मोजमापाची साधने आणि नकाशे पसरून पाहता येतील असे एक लांब टेबल. बोर्ड मी मुद्दाम मागते आहे. हाताने रेघ काढल्याशिवाय यंत्राची रेघ कळत नाही, असा माझा स्वतःचा अनुभव आहे.

या दालनातून सर्वांना नोकऱ्या लागतील असे आश्वासन मी देणार नाही. काही मुले आरेखक होतील, काही तंत्रनिकेतनात जातील, एखादी मुलगी पाच वर्षांचा वास्तुकलेचा अभ्यासक्रम पूर्ण करील. तुळई आणि जिना एकमेकांच्या आड येत असतील तर ते स्वतः शोधून देणाऱ्या प्रणालीही आता आल्या आहेत, मग माणसाने शिकायचे कशाला, असेही कोणी विचारील. त्या प्रणालीपुढे दोन्ही नकाशे ताजे ठेवणारा माणूसच लागतो, आणि तिने दाखवलेली चूक गंभीर आहे की किरकोळ हे ठरवणाराही माणूसच. बाकीची मुले शेतकरी, शिक्षक, व्यापारी होतील. पण आयुष्यात एकदा तरी घर बांधतील. तेव्हा त्यांच्यापुढे जो कागद पसरला जाईल तो त्यांना वाचता यावा, एवढी माझी अपेक्षा आहे. निदान वाचता येत नसेल तर तसे सांगता यावे.

चंदीगडला राजधानीच्या इमारतींजवळ उघड्या हाताचे एक प्रचंड शिल्प आहे, सव्वीस मीटर उंच, वाऱ्याबरोबर फिरणारे. ज्यांनी ते कल्पिले ते ल कॉर्ब्युझिए १९६५ मध्ये वारले, आणि शिल्प उभे राहिले १९८५ मध्ये. मधली वीस वर्षे ते कागदावर वाट पाहत होते. आपल्या जिन्याचा बरोबर नकाशाही वीस वर्षे वाट पाहत होता; तो कागदावरदेखील नव्हता, एका घराच्या जमिनीवर खडूने काढला होता आणि दुसऱ्या दिवशी सारवणात पुसला गेला होता.

ज्यांनी तो काढला ते आज आपल्यामध्ये, माजी विद्यार्थ्यांच्या पालकांच्या रांगेत बसले आहेत. त्यांचे नाव घेण्याची परवानगी मी मागितली होती. “कशाला बाई” म्हणून त्यांनी ती नाकारली. दालनाला त्यांचे नाव द्यावे, ही सूचनाही त्यांनी हसून उडवून लावली. मी त्यांचा मान राखते. पण उन्हाळ्यात जिन्याचे काम सुरू होईल तेव्हा त्या आखणीची पहिली दोरी त्यांनी धरावी, अशी विनंती मी आज सर्वांसमोर करते. आणि वीस वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी मी जे बोलले त्याबद्दल, दादा, मी आपली क्षमा मागते. आपले माप बरोबर होते.